शहजादीला मी सावलीत ठेवलं

संपादकांनी माझ्याकडे गमती मागितल्या होत्या. "काका, तंबूचे दिवस लिहा. हलकंफुलकं चालेल, दिवाळी अंक आहे," असं ते फोनवर म्हणाले. जालन्यात मला लोक लाऊडस्पीकरवाला म्हणून ओळखतात. लग्न, सभा, निवडणूक, सप्ताह, जयंती, सगळीकडे माझे भोंगे गेले. पण त्याआधी, ऐन पंचविशीत, मी एका फिरत्या तंबूत निवेदक होतो. गमती आहेत, त्या सांगतो. त्यांच्या पाठीमागे एक गोष्ट आहे, ती गमतीची नाही. ती सोडून बाकी सगळं मी आजवर चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, पुष्कळदा सांगितलंय. या वेळी ती सोडणार नाही.

तंबू बाबूमियाँचा. जालन्याचा माणूस, वयानं माझ्या वडिलांएवढा, बोलणं दख्खनी आणि स्वभाव लहान पोराचा. कोकणात कुठंतरी मासेमारांच्या जाळ्यात एक मोठं समुद्री कासव सापडलं होतं, ते त्यांनी विकत घेतलं आणि मालमोटारीत घालून घाट चढवून इकडे आणलं. तिचं नाव ठेवलं शहजादी. तंबूवर पाटी होती, 'समुद्रातील चमत्कार'. आत काचेच्या बरणीत एक समुद्रसाप, करवत माशाची करवत, वाळवलेला पाकट मासा, शंखांचा ढीग, आणि शेवटी पडद्याआड टाकीत शहजादी. जिवंत अशी ती एकटीच. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. लोकांच्या चेहऱ्यावर पुन्हा थोडं हसू आलं होतं आणि आमचा तंबू गावोगाव चालत होता. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबादेतच मोडायचा.

माझं काम तोंडाचं. बॅटरीवरचा एक भोंगा, एक माईक. "समुद्र पाहिला नाही? मंग समुद्रच तुमच्या दारात आलाय, या!" असं सुरू करायचं आणि माणूस पडद्यापर्यंत पोचेस्तोवर थांबायचं नाही. राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी असायची. तिथं एकदा एक शेतकरी नारळ घेऊन आला. त्याचा बैल हरवला होता. कासवाचं तोंड ज्या दिशेला, त्या दिशेला बैल, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. तो टाकीपाशी उभा, आणि शहजादी गोल गोल फिरत होती. बाबूमियाँ त्याला म्हणाले, "मालक, इसकू अपना समंदर किधर हय मालूम नै, तुम्हारा बैल काँ से बतायेंगी?" तरी त्यानं नारळ फोडलाच. दुसऱ्या एका आजीबाईनं विचारलं, "खाती काय वो ही?" मी म्हटलं, मासे. "अगं बया! देव आन् मासे खातो?" मागची रांग चुळबुळायला लागली. तेव्हापासून मी माईकवर 'अल्पोपहार घेते' असं म्हणायला लागलो.

लोक तिला देवच समजत. आपल्याकडे मंदिरात शिरलं की देवाच्या आधी जमिनीतलं दगडाचं कासव लागतं. त्याला हात लावून तो हात कपाळाला लावायची सवय प्रत्येकाची. इथं तर जिवंत कासव. पाण्याबाहेर काढलं की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. ते अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकण्यासाठी असतं, हे मला नंतर कळलं. मी सांगायचो, भक्तांचं दुःख पाहून कूर्मदेव रडतात. बायका पदर तोंडाला लावायच्या.

इथं एक सांगायला हवं. माझे वडील बदनापूरला शेतावर मजूर होते. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव त्यांनी स्वतः टोपलीत भरून नदीत सोडले होते. तंबू बदनापुरात लागला तेव्हा ते एका बाजूला उभे राहून माझं सगळं निवेदन ऐकत होते. संपल्यावर जवळ आले. "आम्ही देव पाण्यात सोडले," ते म्हणाले, "अन् तू टाक्यातून काढून राह्यला व्हय?" मी हसलो. ते हसले नाहीत. तंबूत माझं नाव नुसतं साहेबराव होतं. आडनाव मी कुठंच सांगत नव्हतो.

शहजादीला सांभाळणं हे मात्र खरं काम होतं आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पाणी विहिरीचं, त्यात खडे मीठ विरघळवायचं आणि जिभेवर थेंब ठेवून अंदाज घ्यायचा. बाबूमियाँची जीभ पक्की होती. ते कोकणात समुद्राचं पाणी चाखून आले होते आणि ती चव त्यांनी लक्षात ठेवली होती. मासे ते स्वतः जाऊन आणत, दुसऱ्यावर विश्वास नव्हता. खरी काळजी थंडीची. ती आम्हाला शिकवली जालन्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांनी. विद्यार्थ्यांना घेऊन तंबूत आले होते. मी माईकवर 'थंड रक्ताचा प्राणी' म्हणालो, ते ऐकून त्यांनी मला बाजूला घेतलं.

"थंड रक्त म्हणू नका," ते म्हणाले. "उन्हात बसलेल्या सरड्याचं रक्त तुमच्याइतकंच गरम असतं. आपल्या अंगात चूल आहे, खाल्लेलं जळत राहतं, बाहेर हिवाळा असो की उन्हाळा. हिची चूल अगदी मिणमिणती. तिनं अंग तापत नाही. हिला ऊब बाहेरून घ्यावी लागते."

मग ती कशी घेते तेही त्यांनी सांगितलं. समुद्रात पाण्याचे थर असतात, कुठं कोमट, कुठं गार, त्यातलं सोसेल ते पाणी ही कासवं शोधत फिरतात. अंग गार पडलं की वर येऊन पाठ उन्हाला देऊन तरंगत राहतात. काही तर चक्क वाळूवर येऊन ऊन खातात. फार तापलं की खाली बुडी. समुद्रसापही तसेच, वर येऊन पसरतात. चामड्यासारख्या पाठीचं एक कासव मात्र बैलापेक्षा जड असतं आणि थेट बर्फाच्या मुलखापर्यंत पोहत जातं. त्याचं धूडच एवढं की आतली ऊब बाहेर पडायला वेळ लागतो. वर चरबीचं पांघरूण. आणि वल्ह्यासारख्या पायांत गरम रक्ताच्या आणि गार रक्ताच्या नळ्या एकमेकींना चिकटून, जाणारं रक्त येणाऱ्या रक्ताला वाटेतच ऊब देऊन टाकतं. मी हे लगेच निवेदनात घातलं. गंमत अशी, की देव रडतो हे लोकांना पटायचं आणि हे खरं असलेलं एकच वाक्य ऐकून लोक म्हणायचे, "काय फेकून राह्यला भाऊ!"

जाताना सर म्हणाले, "पाणी फार गार झालं तर ही मेल्यासारखी पडेल. श्वास दिसणार नाही, हात लावला तरी हलणार नाही. पण हृदय चालू असतं, फार हळू. तेव्हा गडबड करू नका. गरम पाणी ओतू नका. कोवळ्या उन्हात ठेवा आणि वाट पाहा."

तशी वेळ लवकरच आली. बदनापुरातच एका पहाटे ती टाकीत तिरकी तरंगत होती. बाबूमियाँनी डोक्याला हात लावला, "गयी मेरी शहजादी!" मी त्यांना सरांचं बोलणं सांगितलं. दोघांनी मिळून तिला बाहेर काढलं, पोत्यावर ठेवलं, पाठ उन्हाकडे. ऊन चढत गेलं. आम्ही चहासुद्धा प्यायलो नाही. जेवणवेळ टळून गेली तेव्हा आधी एक डोळा थोडा उघडला, मिटला. मग पुष्कळ वेळानं मान वर आली आणि तिनं असा मोठा श्वास सोडला, की बाबूमियाँ उठून नाचलेच. त्यानंतर आम्ही टाकीला बाहेरून पोती आणि कडबा गुंडाळू लागलो, रोज संध्याकाळी थोडं थोडं कोमट पाणी मिसळू लागलो. म्हणजे पुढं जे झालं ते मला ठाऊक नव्हतं म्हणून झालं, असं मला म्हणता येत नाही.

मंठ्याच्या बाजूचं एक गाव. नाव देत नाही, कारण चूक गावाची नव्हती. त्या दिवशी बाबूमियाँ मासे आणायला बाहेरगावी गेले होते. तिसऱ्या दिवशी येणार होते. संध्याकाळी गावच्या पाटलांचं बोलावणं आलं. ओसरीवर सतरंजी टाकलेली. मला त्यांच्या शेजारी बसवलं. चहा आला तो त्यांच्या कपबश्यांतूनच, सगळ्यांना तसाच मला. ज्याला हे कधी मिळालं नाही त्यालाच कळेल, त्या कपाचा कान धरताना माझ्या हाताला काय होत होतं.

"साहेबराव," पाटील म्हणाले, "देवाला असं पत्र्याच्या टाक्यात ठिवणं बराबर न्हाई. आजची रात मंदिरात ठिवू. सकाळी अभिषेक करू, मंग न्या."

"मालक गावाला गेलेत, पाटील. त्यांना विचारल्याशिवाय..."

"अहो, तुम्ही हायेत की! तुमचा शब्द चालत न्हाई का?"

मी दुसरा कप घेतला आणि हो म्हटलं.

जोडीला चार माणसं घेऊन मीच तिला मंदिरात नेलं. माझ्या आजोबांना त्या मंदिराच्या पायरीशी उभं राहू दिलं नसतं. मी थेट गाभाऱ्यासमोर गेलो, आणि जमिनीतल्या दगडी कासवाशेजारी, उघड्या फरशीवर तिला ठेवलं. गुरवानं ओलं धोतर पांघरलं. थंडीची लाट होती, सभामंडपाला भिंती नव्हत्या. खाली दगड, वर ओलं कापड आणि त्यावरून वारा. मला दिसत होतं. विहिरीचं पाणी तरी आणा, असं मी एकदा पुटपुटलो. हिवाळ्यात नुकतं शेंदलेलं विहिरीचं पाणी कोमट असतं, ते चाललं असतं. पण अभिषेकाला नदीचं पाणी लागतं. बायकांनी घागरी भरून आणून मंडपाच्या पायरीवर मांडून ठेवल्या आणि उजाडायच्या आधीच पाणी घालायला सुरुवात केली.

दिवस उगवताना गुरवानं येऊन मला हलवलं. "साहेबराव, उठा. देव गार पडला."

मी पोचलो तेव्हा निम्मं गाव जमलं होतं. ती तशीच होती, जशी बदनापुरात होती. मान फरशीवर टेकलेली, डोळे मिटलेले. एक म्हातारा म्हणत होता, "आपल्या हातानं देव मेला. आता गावावर काय येतंय बघा." दुसरा म्हणाला, "आपल्या हातानं कामून? कोणाचा तरी विटाळ झाला आसंल. कोणाकोणाचा हात लागला रात्री?" मग पाटील माझ्याकडे वळले. आवाज रागाचा नव्हता, नुसता चौकशीचा होता.

"साहेबराव, एक इचारायचं राह्यलंच. आडनाव काय म्हणलं तुमचं?"

मी घाबरलो. त्या काळी त्या भागात असं कळल्यावर काय होऊ शकत होतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तेव्हा मी घाबरलो याची मला लाज वाटत नाही. लाज पुढची आहे. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की ही मेली नाही, गारठली आहे, उन्हात ठेवा. त्यानंही मी वाचलो असतो. पण ती उठायला अर्धा दिवस लागला असता, आणि तेवढा वेळ मला त्या प्रश्नासमोर उभं राहायचं नव्हतं. मी तंबूकडे धावलो, भोंगा आणला, मंदिराच्या ओट्यावर उभा राहिलो.

"माउलींनो! कूर्मदेवानं श्वास रोखला आहे! सगळा मुलूख फिरून देवानं तुमचंच गाव निवडलं! इथं देवानं समाधी घेतली!"

मग तो विटाळ म्हणणारा माणूस खाली वाकला. त्याच्यामागं सगळे. पाटलांनी डोक्याची टोपी काढली. माझं आडनाव पुन्हा कोणी विचारलं नाही.

थोड्या वेळानं ऊन अंगणात उतरलं. मंडपात गर्दी मावेना, तेव्हा पाटील म्हणाले, "देवाला अंगणात घ्या रे. समद्यांना दर्शन व्हईल." चार जण पुढं झाले. आणि मी माईकवर म्हणालो, "उन्हात नको. समाधी लागलेल्या देहाला ऊन लागू देत नाहीत. सावलीत ठेवा. वरून ओलं वस्त्र घाला."

हेच ते. बाबूमियाँची जीभ मिठाला जशी पक्की, तशी माझी अक्कल त्या वेळी पक्की होती. ऊन लागलं तर ती मान वर करेल आणि मी खोटा ठरेन, हे मला सरांनी शिकवलं होतं आणि बदनापुरात डोळ्यांनी दिसलं होतं. शिकलेलं सगळं मी तिला उठू न देण्यासाठी वापरलं. लोकांनी आनंदानं कडुलिंबाच्या डहाळ्या तोडून अंगणात मांडव घातला आणि तिला त्याच्या सावलीत ठेवलं.

दर्शनाची रांग लागली. दुपारच्या सुमाराला गयाबाई नावाची एक बाई पुढं आली. तिशीची असेल, शेतात राबणारी. तिनं कासवाच्या डोक्याशी हात टेकवला. डहाळ्यांच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा बराच वेळ तिथंच पडलेला असावा.

"अगं बया! डोळा हालला!" ती ओरडली. "हिनं डोळा उघडला. जिती हाय ही!"

रांग थांबली. मी माईक तोंडाशी नेला. "ताई, भक्ती मोठी तुमची. भक्ताला देव जिताच दिसतो."

"भक्ती न्हाई वो. म्या पाह्यलं. आत्ता, हितं, माझ्यासमोर!"

तेवढ्यात तिचा दीर, गावातला टिंगलखोर गडी, मागून म्हणाला, "वहिनीला समाधीतला देव डोळा मारून राह्यला!"

मांडव हसला. पाटीलही हसले. आणि मी माईक बंद न करता हसलो, ते हसणं भोंग्यातून गावभर गेलं. गयाबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि निघून गेली. मी गुरवाला फटीवर आणखी एक डहाळी टाकायला लावली.

संध्याकाळी मंदिरामागं खड्डा खणला. साधूला समाधी देतात तसं देवालाही मीठ घालून ठेवायचं, असं ठरलं. शहजादीच्या पाण्यासाठी आणलेली मिठाची पोती तंबूत होती. ती मीच काढून दिली. माती लोटेस्तोवर जयघोष मीच करत होतो. माझा आवाज तेव्हा खरोखर चांगला होता.

दुसऱ्या दिवशी बाबूमियाँ माशांची टोपली घेऊन आले. मी त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे गावाला जे सांगितलं होतं तेच. त्यांनी टोपली खाली ठेवली. एकच विचारलं.

"धूप में रखे थे ना उसकू?"

"दिवसभर ठेवली, चाचा."

"तो फिर गयीच हुईंगी बिचारी," ते म्हणाले, आणि टाकीच्या काठावर हात ठेवून बसून राहिले. त्यांनी तंबू पुन्हा लावला नाही. माईक आणि भोंगा मला देऊन टाकला. माझ्या धंद्याची सुरुवात त्या भोंग्यानं झाली. पुढं ते वारले, तोवर आम्ही पुष्कळदा भेटलो. मी कधी बोललो नाही.

एकदा मी त्या सरांच्या घरी गेलो. म्हटलं, समजा सर, असं गारठलेलं कासव कोणी मातीत पुरलं, तर ते किती वेळ जगेल? ते म्हणाले, "गारठ्यात त्यांना हवा फार कमी लागते. तास न् तास निघतील. माती गार असेल तर आणखीच. ऊब नसणंच त्यांना तिथं जगवत ठेवेल." मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा न पिता उठलो.

त्या गावात ओटा झाला, मग ओट्यावर दगडी कासव, मग वर छोटं देऊळ आणि दरवर्षी सप्ताह. सप्ताहाचे भोंगे माझ्याच दुकानातून जात. मी माणूस पाठवायचो, स्वतः जात नव्हतो. एका वर्षी माणूस आजारी पडला म्हणून जावं लागलं. कीर्तनकार समाधीची कथा सांगत होते, माझीच वाक्यं, माझ्याच भोंग्यातून, त्यात आता आकाशातून फुलंही पडली होती. तेवढ्यात रस्त्यानं गयाबाई डोक्यावर मोळी घेऊन चालली होती. मांडवाच्या कडेला बसलेली पोरं, त्या दिवशी जन्मलीही नव्हती ती, एकमेकांना कोपरानं ढोसून म्हणाली, "आली बघ, देवानं डोळा मारलेली!" ती वळली नाही. वळायची तिची सवय मोडून पुष्कळ वर्षं झाली असावीत. मी काय केलं? मशीनवरचा आवाज थोडा वाढवला.

गेल्या हिवाळ्यात कळलं, की गयाबाई थकली आहे, घराबाहेर पडत नाही. तेव्हा पहिल्यांदा हिशेब सरळ दिसला. शहजादी गेली, बाबूमियाँ गेले, सर गेले. जे झालं ते मी सोडून कोणाला ठाऊक असेल तर तिलाच, आणि ती खोटी ठरूनच जाणार होती. मी एस. टी. पकडली.

ती अंगणात, उन्हात, सुपात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सून भाकरी करत होती. मी नाव सांगितलं, तंबूवाला म्हटलं. तिनं ओळखलं की नाही कळेना, पण शेंगा सोलणं थांबवलं नाही. मी सगळं सांगितलं. माझं आडनाव, तेव्हा ते का लपवलं, नदीचं पाणी, सावली, ओलं कापड, मीठ. ऐकून झाल्यावर ती म्हणाली,

"तुला दिसला व्हता का डोळा?"

हा प्रश्न मला कोणीच कधी विचारला नव्हता. मी बायकोला अर्धंमुर्धं सांगितलं होतं, त्यातही हे नव्हतं. मी शहजादीच्या अगदी समोर उभा होतो. गयाबाईच्या आधी मला दिसला होता.

"दिसला होता," मी म्हणालो.

तिनं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि मी त्याची तयारी करून गेलो होतो. ती सुनेकडे वळली. "ऐकलंस का? जाय, रखमीला बोलाव. आन् तिच्या सासूला बी. म्हणावं, जल्दी या."

शेजारची रखमी आली, तिची सासू आली. गयाबाई मला म्हणाली, "सांग." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "डोळ्याचं सांग." मी डोळ्याचं सांगितलं. मग पलीकडच्या घरची माणसं आली. "सांग यांला." पुन्हा सांगितलं. दुकानावरची दोन पोरं आली, गुरवाचा नातू आला. त्याचा चेहरा उतरला. "बाबा, आता कशाला उकरून काढता? लोकांची श्रद्धा हाय," तो म्हणाला. गयाबाई म्हणाली, "तू गप बस. त्याला बोलू दे." मी बोललो. आयुष्यभर मी आवाजावर पोट भरलं, पण एवढं बोलणं कधी जड गेलं नव्हतं. दर वेळी गोष्ट डोळ्याशी आली की ती मान हलवायची आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायची, माझ्याकडे नाही.

ऊन कलायला लागलं. माझा घसा पार गेला होता. मी उठायला लागलो, तेवढ्यात दारातून एक म्हातारा काठी टेकत आत आला. गयाबाईनं त्याच्यासाठी जागा केली.

"जरा थांब," ती मला म्हणाली. "ह्यो माझा दीर. ह्याला ऐकू येत न्हाई, मोठ्यानं सांग."